आप्पांचं औषध कुणी द्यायचं

आप्पांना इस्पितळातून घरी आणलं, तेव्हा खाट कुठे टाकायची यावरूनच सुरुवात झाली. दादाचं म्हणणं, खाली मधल्या खोलीत, पूर्वी होती तिथेच. भाऊचं म्हणणं, वर उजेड आहे, वारा आहे, वरच न्या. दोघंही हे एकमेकांना सांगत नव्हते. आप्पांच्या चष्म्याच्या दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिल्यापासून दोघा भावांनी एकमेकांशी बोलणं सोडलं होतं. जे सांगायचं ते आईला सांगायचं, आणि शेजारीच उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलाला आईने ते पुन्हा सांगायचं, असा घराचा शिरस्ता पडला होता.

"आई, त्याला विचार, आप्पांना जिन्यावरून नेणार कोण?"

"भाऊ, दादा विचारतोय, जिन्यावरून..."

"ऐकलं मी. खुर्चीत बसवून नेऊ म्हणावं."

"तो म्हणतोय, खुर्चीत..."

"मला काय कान नाहीत का, आई?"

स्ट्रेचरवरून आप्पा म्हणाले, "मला आधी खाली ठेवा. मग निवांत ठरवा."

स्ट्रेचर धरलेल्या दोघांपैकी एकाला हसू आलं. त्यांना पुढच्या ठिकाणी जायचं होतं. त्यांनी आप्पांना समोर दिसलेल्या खाटेवर ठेवलं आणि ते गेले. खाट मधल्या खोलीतच राहिली. भाऊने ही दादाची सरशी समजली आणि तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

ताई हे सगळं दारातून पाहत होती. ती दोघा भावांमधली, दुसऱ्या शहरात कर्करोगाच्या वॉर्डाची सिस्टर. रजा टाकून आली होती. या घरात दोन्ही भाऊ जिच्याशी सरळ बोलत अशी आईनंतर ती एकटीच, आणि त्याचा तिला फायदा कमी आणि ताप जास्त होता.

आप्पांचा कर्करोग प्रोस्टेटचा. मागच्या वर्षी तो कमरेच्या हाडात आणि मणक्यात उतरला. पण या वेळी इस्पितळात न्यावं लागलं ते कर्करोगामुळे नाही. बेसिनपाशी तोंड धुताना त्यांना घेरी आली. शौचाला डांबरासारखं काळं होत होतं हे नंतर कळलं. जठरात जखम, तीतून रक्त जात होतं. रक्त चढवावं लागलं. मूत्रपिंडंही थकल्याचं तपासणीत दिसलं. डॉक्टरांनी विचारलं, "आमच्या औषधांखेरीज दुखण्याची काही गोळी देत होतात?" खाटेभोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाने नाही म्हटलं.

ताईने त्याच वेळी ओळखलं होतं. प्रत्येकाचं 'नाही' जरा जास्तच लवकर आलं होतं.

आता तिने स्वयंपाकघरातून स्टीलचा ट्रे आणला आणि आप्पांच्या पायथ्याशी ठेवला.

"इस्पितळात जे सांगितलं नाही ते इथे ठेवा," ती म्हणाली. "कुणी दिलं यावर मी कुणाला बोलणार नाही. काय दिलं तेवढं मला बघायचंय."

कुणी हललं नाही. मग भाऊची बायको, जिला सगळे धाकटी म्हणत, नवऱ्याकडे न बघता वर गेली आणि एक पाकीट घेऊन आली. पाण्यात विरघळणारी गोळी.

"एका गिऱ्हाइकाने सांगितली होती," भाऊ खिडकीपासूनच म्हणाला. "त्याच्या सासऱ्यांना गुण आला."

"दिवसाला किती?"

"दुपारी एक. संध्याकाळी गुण आला का, ते हीच विचारायची त्यांना."

दादाने आपल्या खोलीतून लाल-पिवळ्या कॅप्सूलची पट्टी आणली. "साधी आहे ही. दुकानाशेजारच्या केमिस्टने दिली. सूज उतरते."

"किती?"

"सकाळी एक. दुखलं तर आणखी एक."

"आणि दुखतच होतं."

"दुखत होतं म्हणूनच तर दिली ना?"

आई सगळ्यांत शेवटी उठली. तिने कपाटातून चष्म्याचं एक जुनं घर काढलं. आत मखमलीवर अर्ध्या मोडलेल्या गोळ्या होत्या.

ताईने एक उचलून पाहिली. "ही तर तुझी गुडघ्याची गोळी."

"अर्धी त्यांना, अर्धी मला."

"म्हणून तू मागच्या वेळी फोनवर सांगत होतीस, या गोळीने गुडघ्याला काही फरक नाही?"

"नाहीच आहे. अर्ध्या गोळीने किती फरक पडणार?"

भाऊ हसला. दादालाही हसू आलं. दोघांच्या एकदमच लक्षात आलं की आपण एकाच गोष्टीला हसतोय, तसे दोघं गप्प झाले.

ताईने तिन्ही औषधं ट्रेमध्ये शेजारी शेजारी मांडली. "नावं तीन आहेत, कूळ एक आहे," ती म्हणाली. "शरीरात सूज आणि दुखणं वाढवणारी जी रसायनं तयार होतात, त्यातलीच काही जठराच्या अस्तराची राखण करतात, मूत्रपिंडाला रक्त पोचवतात. या गोळ्या ती तयार होणंच कमी करतात. हाडाचं दुखणं जरा उतरतं, पण जठर उघडं पडतं. त्यात मणक्याची सूज उतरावी म्हणून डॉक्टरांनी स्टेरॉइड चालू केलेलं. त्याच्याबरोबर ही एक गोळी द्यायचीसुद्धा विचार करून देतात. तुम्ही तिघांनी तीन वाटांनी दिली."

"पण जास्त दिल्यावर दुखणं जास्त थांबायला नको?" आईने विचारलं.

"या गोळ्यांचं तसं नसतं. एका मापापर्यंत आराम पडतो. त्यापुढे कितीही द्या, आराम तेवढाच. वाढतो तो फक्त अपाय."

दादा आईकडे वळला. "त्याला विचार, गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून औषधं द्यायची अक्कल कुणाची?"

"आणि त्याला विचार," भाऊ म्हणाला, "दुखलं की आणखी एक, हे कुठल्या डॉक्टरने लिहून दिलं होतं?"

आईने कुणालाच काही विचारलं नाही. ती चष्म्याचं घर उघडझाप करत राहिली.

"आप्पा," ताई म्हणाली, "तुम्हाला तर ठाऊक होतं. तिघांचंही घेत होतात. एकालाही सांगितलं नाहीत?"

आप्पांनी छताकडे बघत उत्तर दिलं. "एकाची नाही घेतली की तो म्हणणार, दुसऱ्याची घेतली असेल."

"म्हणून तीन घेतल्या?"

"अडीच," आप्पा म्हणाले. "तुझ्या आईची अर्धी असायची."

*

दादाच्या शर्टाच्या खिशात एक बाटली होती. इस्पितळाच्या औषधालयातून ती त्याने सही करून घेतली होती, आणि घरी येईपर्यंत दोनदा खिसा चाचपला होता. मॉर्फिनचं पातळ औषध. डॉक्टरांनी लिहून दिलेलं, ताईने समोर उभं राहून समजून घेतलेलं. आता ताईने हात पुढे केला, तरी त्याने बाटली काढली नाही.

त्याला काका आठवत होते. आप्पांचा धाकटा भाऊ, दुकानातला काचा घासणारा. काकांना सकाळी याच औषधाचं इंजेक्शन दिलं आणि संध्याकाळी ते गेले. पळत जाऊन ते आणणारा दादाच होता. त्यानंतर घरात कुणी त्याला काही म्हटलं नाही. त्यानेही विषय काढला नाही. पण त्याच्या दृष्टीने या औषधाचं नाव काढणं म्हणजे माणूस सोडून देणं.

"हे नको," तो म्हणाला. "दुसरं काही असेल ना?"

"दुसरं म्हणजे ट्रेमधलं. ते आता कायमचं बंद. हाडाला किरणांचा शेक देणार आहेत, पुढच्या आठवड्यात मशीनवर. त्याचा गुण यायला वेळ लागेल. तोवर काय करायचं?"

"तुझ्या वॉर्डात सर्रास देत असाल. तुझ्याकडे येतात तेच मुळी जायला आलेले."

"माझ्याकडे येतात त्यातले बरेच चालत घरी जातात, दादा. तुला भेटवते हवं तर."

"काका गेले का चालत घरी?"

काकांबद्दल या घरात असं सरळ कुणी बोलत नसे. "काका त्या संध्याकाळी गेलेच असते," ताई म्हणाली. "इंजेक्शन दिलं नसतं तर ओरडत गेले असते. आपण ते अगदी शेवटी दिलं. सगळे शेवटीच देतात, म्हणून मग ते शेवटचं औषध वाटतं."

"सवय लागते त्याची."

"शरीराला लागते. म्हणून ते एकदम तोडत नाहीत, हळूहळू उतरवतात. व्यसन वेगळं. दुखणं आहे, माप ठरलेलं आहे, कुणीतरी लक्ष ठेवून आहे, तिथे त्याची भीती फार थोडी. आप्पांची मूत्रपिंडं थकली आहेत, म्हणून डॉक्टरांनी डोस लहान ठेवलाय आणि चार तासांऐवजी सहा तासांनी लिहिलाय. डोळे मिटून दिलेलं नाही त्यांनी."

"झोपेत श्वास थांबला तर?"

"ते कसं ओळखायचं आणि त्याच्या आधी काय दिसतं, हे शिकवणार आहेच मी. न शिकवता बाटली तुमच्या हातात द्यायला मी काय गिऱ्हाईक आहे?"

भाऊ खिडकीतून वळला. "मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय, द्यायला पाहिजे."

"पहिल्या दिवशी तू फोनवर काय म्हणालास, सांगू?" ताईने त्याच्याकडे पाहिलं. "म्हणालास, दादा नको म्हणतोय ना, मग देऊनच टाका."

भाऊ पुन्हा खिडकीकडे वळला.

आई म्हणाली, "मला दादाचं पटतं. कालच रक्त चढवलंय. अंगात ताकद येऊ दे जरा. आणि इतकं काही दुखत नाही आता त्यांना. विचारलं की म्हणतात, सोसवेल इतकंच आहे."

"बघ," दादा म्हणाला. त्याने खिशावर हात ठेवला.

*

धाकटी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. या घरातल्या वादात तिचं मत तिच्या नवऱ्याचंच असणार असं सगळे धरून चालत, आणि बहुतेक वेळा तीही ते तसंच राहू देई. दादाची बायको, मोठ्या वहिनी, दुकान सांभाळायला गेल्या होत्या. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की आप्पांजवळ बसायची ती धाकटी.

आप्पांना इस्पितळात नेण्याआधी काही दिवस दोन्ही भावांमध्ये एक नवंच भांडण चालू होतं, ते रेडिओचं. दादा जेवायला घरी आला की रेडिओ ढणाढणा लागलेला असे. त्याची खात्री होती की तो वरचे लोक लावतात. त्याने आईकडून वर निरोप पाठवला, माणूस आजारी आहे, जरा लाज बाळगा. वर भाऊला वाटत होतं, खालचे मुद्दाम लावतात. त्यानेही निरोप पाठवला. आईने दोन्ही निरोप नेऊन पोचवले होते.

"रेडिओ आप्पा लावतात," धाकटी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. आप्पांनी डोळे मिटून घेतले.

"उशाशी आहे तो, पांघरुणाखाली. कूस बदलायची असली की आधी आवाज वाढवतात. मग वळतात. मग पुन्हा कमी करतात." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "पहिल्यांदा मला वाटलं गाणं आवडलं असेल. पण बाजारभावाच्या बातम्यांना कोण आवाज वाढवतं? मग एक दिवस मी जवळ होते तेव्हा ऐकलं, त्या आवाजाखाली कण्हतात. उशीचा कोपरा दातात धरतात. तो अभ्रा मी दोनदा शिवलाय."

"आणि तू सांगितलं नाहीस?" भाऊने विचारलं.

"शपथ घातली होती त्यांनी."

"मला पण नाही?"

"तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही ते निरोप करून खाली पाठवलं असतंत," धाकटी म्हणाली. "की बघा, तुमच्या खोलीत ठेवून काय हाल केलेत."

ते खरं होतं.

आप्पा डोळे न उघडता म्हणाले, "तुला सांगू नकोस म्हटलं होतं."

"म्हटलं होतंत, आप्पा."

आई उठून खाटेपाशी गेली. तिने उशी वर उचलली. अभ्र्याच्या कोपऱ्यात बारीक, नीटस टाके होते. तिने उशी पुन्हा होती तशी ठेवली आणि दादाला म्हणाली, "दे ती बाटली तिला."

*

आप्पांना दुखण्याबद्दल विचारलेलं आवडत नसे. इस्पितळात एक तरुण मुलगी सकाळ-संध्याकाळ येऊन विचारायची, शून्य ते दहामध्ये किती? आप्पा म्हणायचे, चार. तिने कधीही यावं, चार. त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं की पाचच्या पुढे गेलं की औषध बदलतात.

"आकडा नको मला," ताई म्हणाली. ती खाटेच्या कडेला बसली होती. "तुम्ही दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे काचा धरायचात, तसं सांगा. पहिली काच, म्हणजे मागच्या वर्षीचं दुखणं. दुसरी, कालचं. कोणती वाईट?"

"दुसरी."

"आता दुसरी की तिसरी? तिसरी आजची."

"तिसरी."

"आता मला नीट सांगा, या तिसऱ्या काचेतून काय काय दिसेनासं झालंय?"

आप्पांनी विचार केला. हा प्रश्न त्यांना कामाचा वाटला. "पेपर वाचता येत नाही. दोन ओळी झाल्या की पहिली विसरतो. बसून जेवता येत नाही. डाव्या कुशीवर झोपता येत नाही. मी जन्मभर डाव्या कुशीवर झोपलो."

"मग औषध घ्या."

"नको."

दादाने मान वर केली. इतका वेळ नको म्हणणारा तो होता. आता आप्पांच्या तोंडून तो शब्द ऐकून त्याला बरं वाटायला हवं होतं.

"का नको?" ताईने विचारलं.

"गुंगी येईल ना?"

"पहिले दोन-तीन दिवस येईल. मग शरीर सरावतं. मळमळेल कदाचित, त्यालाही औषध आहे. शौचाला मात्र रोजच घट्ट होईल, ते काही सरावत नाही. त्यासाठी पहिल्या दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध बरोबर."

"मी गुंगीचं विचारतोय." आप्पा कोपरावर उठायचा प्रयत्न करू लागले, अर्ध्यात थांबले, आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. रेडिओकडे त्यांचा हात गेला नाही. आता त्याचा उपयोग नव्हता. "मी जागा आहे तोवर हे दोघं या खोलीत येतात. एक येतो म्हणून दुसरा येतो. एकमेकांशी नाही बोलत, पण एका खोलीत असतात. मी झोपून राहिलो तर कुणाशी बोलायला येतील? एक खाली जेवेल, एक वर जेवेल. आणि तुझी आई निरोप वाहून वाहून मरेल."

"दुखणं अंगावर काढून हे दोघं बोलायला लागणार आहेत का?" ताईने विचारलं.

"आजपर्यंत नाही लागले."

"मग?"

"मग काय. राखण करतोय."

बाहेर रस्त्यावर एक गाडी मागे घेताना किरकिर वाजत होती. दादा बाटलीकडे बघत होता, भाऊ रस्त्याकडे. ताईला वॉर्डात असे नातेवाईक रोज भेटत आणि ती त्यांना व्हरांड्यात नेऊन दोन शब्द सुनावत असे. इथे व्हरांडा नव्हता, आणि नातेवाईक तिचेच होते. तिने भावांना समजावायचा विचार मनात आणला आणि सोडून दिला. समजावणं याआधी आईने केलं होतं, काकूंनी केलं होतं, दुकानाच्या जुन्या वकिलांनीही केलं होतं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग वॉर्डाचा नियम ऐका. हे औषध दोन माणसं देणार. दिवसा दादा, रात्री भाऊ. तिसऱ्याने बाटलीला हात लावायचा नाही. आई, तू पण नाही. धाकटे, तू पण नाही."

"मी का नाही? मी तर दिवसभर..."

"तू दिवसभर आहेस म्हणूनच. सगळंच तू करतेस. आता ऐका पुढे. एकाची ड्युटी संपली, दुसऱ्याची लागली, की आमच्यात एक गोष्ट तोंडी होते. रोग्याच्या खाटेपाशी उभं राहून, जाणारा येणाऱ्याला सांगतो. किती दिलं, कधी दिलं, दुखणं कसं आहे, श्वास कसा आहे, उलटी झाली का, शौचाला झालं का. येणारा उलट विचारतो. विचारून समाधान झालं की मगच जाणाऱ्याने घरी जायचं. माझ्या वॉर्डात दोन सिस्टर आहेत, एकमेकींचं तोंड बघत नाहीत. पण खाटेपाशी बोलतात. न बोलता एकीने डोस दिला आणि दुसरीने पुन्हा दिला, तर माणूस दगावतो. इथे हेच झालं. तिघांनी दिलं आणि एकाने दुसऱ्याला सांगितलं नाही."

"आई सांगेल की," भाऊ म्हणाला.

"आई नर्स नाही. निरोप चालणार नाही. आणि कागदावर लिहून ठेवलेलंही चालणार नाही, तुम्ही दोघं कागदावरच भांडाल."

"दोन महिन्यांनी तू निघून जाशील," दादा म्हणाला.

"दोन महिने? माझी रजा दोन आठवड्यांची आहे. तेवढ्यात शिकायचंय तुम्हाला."

आप्पा हसले. दुखत असल्यामुळे ते हसणं नाकातूनच आलं. "म्हणजे मी झोपलेलो असलो तरी यांना यावं लागेल."

"रोज दोनदा. आणि बोलावं लागेल."

आप्पांनी बराच वेळ दादाकडे पाहिलं, मग भाऊकडे. डोळे तपासताना ते माणसाकडे असे पाहत.

"आण मग," ते म्हणाले. "कडू आहे का?"

"आहे."

"असू दे."

*

पहिला डोस दादाने भरला. ताई शेजारी उभी राहिली, पण तिने हात लावला नाही. सुई नसलेली सिरिंज, बाटलीच्या तोंडात घट्ट बसणारी. बाटली उलटी धरायची, दट्ट्या हळू ओढायचा, बुडबुडा आला तर परत ढकलायचा. मग सिरिंज डोळ्यासमोर सरळ धरायची आणि दट्ट्याची वरची कड बघायची.

काचेवरच्या बारीक रेघा वाचण्यात दादाचं आयुष्य गेलं होतं. तरी त्याने तीनदा पाहिलं.

"बरोबर आहे?" त्याने विचारलं.

"तू सांग."

"बरोबर आहे."

त्याने सिरिंज आप्पांच्या गालाच्या आत टेकवली आणि सावकाश दाबली. आप्पांनी तोंड वाकडं केलं, गिळलं, पाणी मागितलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. दादा खुर्ची ओढून खाटेपाशी बसला. ताईने त्याला सांगितलं होतं, छातीवर नजर ठेव, श्वास मोज, फार संथ किंवा उथळ झाला तर मला हाक मार. त्याच्या आधी दिसते ती वेगळीच झोप, जिच्यातून हाक मारून माणूस नीट जागा होत नाही. एवढं सांगून ती आंघोळीला गेली. दादाला हे भयंकर वाटलं. बाटली त्याच्या हातात देऊन ती चक्क आंघोळीला गेली होती. नळाचा आवाज येत होता. तो श्वास मोजत राहिला, आकडा चुकला, पुन्हा मोजू लागला. आपण स्वतः श्वास घ्यायचा विसरतोय हे त्याच्या मधूनच लक्षात येई.

"मला असा बघत बसू नकोस," आप्पा म्हणाले. "मेल्यासारखं वाटतं."

"बरं वाटतंय का?"

"अजून नाही."

बऱ्याच वेळाने त्यांनी पुन्हा डोळे उघडले. "आहे," ते म्हणाले. "दुखणं आहे. पण पलीकडच्या खोलीत गेल्यासारखं वाटतंय."

"गुंगी आली?"

"थोडी." मग त्यांनी पाय हलवून पाहिला. गुडघा मुडपला. थांबले. "मला जरा वळव."

"डावीकडे?"

"मग काय उजवीकडे?"

दादाने एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घातला. आप्पांनी उशीकडे तोंड नेलं नाही. ते वळले. भिंतीकडे तोंड करून पडले, एकदा लांब श्वास सोडला, आणि दादा घाबरून उठेपर्यंत दुसरा घेतला.

ताई केस पुसत आली. तिने आप्पांच्या मनगटाला हात लावला, हाक मारली. आप्पांनी "हं" म्हटलं.

"झोप आहे ही," ती म्हणाली. "साठलेली. खूप दिवसांची."

दादा तसाच बसून राहिला. काकांच्या वेळी त्याला कुणी असं बसून बघायला शिकवलं नव्हतं.

*

संध्याकाळी दिवे लागले तेव्हा भाऊ दुकानातून आला आणि दारातच थांबला. खाटेच्या एका बाजूला दादा उभा होता. धाकटीने मधली खुर्ची मुद्दाम बाजूला घेतली होती. आई भिंतीशी बसून होती आणि तिला निरोप द्यायला कुणाला परवानगी नव्हती.

दादाने घसा साफ केला. तो ताईकडे बघून म्हणाला, "दुपारी एक डोस दिलाय..."

"माझी ड्युटी नाही," ताई म्हणाली आणि हातातली उशी झटकू लागली.

दादाने चादरीकडे पाहिलं. "दुपारी एक दिला. आताचाही मीच दिलाय, थोड्या वेळापूर्वी. पुढचा मध्यरात्री."

"किती?" भाऊने विचारलं. तोही चादरीकडेच बघत होता.

"दुसरी मोठी रेघ. दट्ट्याची वरची कड रेघेला लागली पाहिजे, खालची नाही. खालची बघितलीस तर चुकेल."

"वरची."

"वरची. उलटी नाही झाली. मळमळलं थोडं. सूप घेतलं वाटीभर, बसून."

"बसून?"

"उशी लावून. पण बसून." दादा थांबला. "कमरेत आहे अजून, मी विचारलं. पण आधीपेक्षा बरं म्हणाले."

"श्वास?"

"चांगला आहे. मोजून बघ तू, मी सांगतो म्हणून धरून चालू नकोस."

भाऊने वाकून पाहिलं. आप्पा डाव्या कुशीवर होते, हात गालाखाली, तोंड थोडं उघडं. त्याने पुरतं मिनिटभर पाहिलं.

"शौचाला?"

"नाही झालं. पोटाचं औषध रात्री द्यायचंय, ते राहिलंय. तू दे. पाण्यातून."

"देतो." भाऊ सरळ झाला. "मध्यरात्री झोपलेले असले तर उठवायचं? आत्ता कुठे झोप लागलीय."

उत्तर ताईला द्यायचं होतं. तिने तोंड उघडलं, पण दादा आधी बोलला.

"उठवायचं. दुखायला लागेपर्यंत थांबायचं नाही, मग ते आवरायला जड जातं. हळू हाक मार. नीट ओ दिली, तरच दे. नाही दिली तर देऊ नकोस, हिला उठव. आणि मलाही उठव."

"दार आतून लावतोस तू."

"नाही लावणार."

भाऊने मान हलवली. त्याने बाटली उजेडात धरून किती उरलंय ते पाहिलं आणि दादाकडे वर केली. दादाने पाहून होकार दिला. आई खाटेकडे बघत होती, कारण तिला आप्पांना उठवून सांगावंसं वाटत होतं.

ताईने तिला खुणेनेच नको म्हटलं. आप्पा झोपले होते.